फ्लास्क बदलल्याची नोंद

कुंदा,

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. गेल्या शुक्रवारी कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. प्राचार्य बोलले. बरं बोलले, फक्त एके ठिकाणी म्हणाले की मॅडम वरच्या वातावरणातल्या ऋण आयनांवर काम करत होत्या. समोर आपल्या विभागाचे आम्ही चौघं बसलो होतो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू असतीस तर जागेवरून ओरडली असतीस, "धन, सर, धन!" आणि सभागृह हसलं असतं. उठावं असं माझ्या मनात आलं. उठले नाही. अशा वेळी मी उठत नाही, हे तुला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

नंतर मलाही दोन मिनिटं बोलायला लावलं. मी तुझी पदवी, तुझे लेख, तू किती वर्षं शिकवलंस ते सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. खाली उतरताना वाटलं, हे कार्यालयातल्या फाइलमध्येही आहे. इथे पुन्हा लिहीत नाही.

आपण भेटलो ते कर्जतच्या कॉलेजात, पहिल्या वर्षाला. प्रॅक्टिकलला दोघींच्या जोड्या लावल्या होत्या. तू दहिवलीहून पूल ओलांडून चालत यायचीस, चपलांना शेतातला चिखल असायचा. माझ्या अब्बांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं. मी नीटनेटकी, अक्षर वळणदार. पहिलाच प्रयोग लंबकाचा. वीस आंदोलनं मोजा असं सरांनी सांगितलं होतं. तू शंभर मोजलीस. बाकीच्या मुली घरी गेल्या तरी आपण तिथेच.

"कुंदा, वीस सांगितलीत गं त्यांनी."

"विसात काय कळतं? मोजतेय, मधे बोलू नको. तू लिही."

त्या दिवसापासून तू मोजायचीस आणि मी लिहायचे. पुढे एम.एस्सी.ला, पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या त्या पाच वर्षांत, आणि शेवटी खालापूरच्या कॉलेजात आपल्या नळीवर, हाच रिवाज राहिला. तुझं अक्षर तुलाच लागायचं नाही. सगळ्या नोंदवह्या माझ्या हातच्या आहेत. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

नळी आली तो दिवस आठवतोय? मुंबईची प्रयोगशाळा ते जुनं उपकरण भंगारात काढणार होती. तू तिथे तीन वेळा जाऊन बसलीस आणि अखेर ते आपल्या कॉलेजला मिळवलंस. दोन टेंपो भरून सामान आलं. दुसऱ्या टेंपोतला पंप दारातून आत जाईना. हमाल म्हणाले, मॅडम, हा परत न्या. तू कॉलेजच्या सुताराला बोलावून खिडकीची चौकटच काढायला लावलीस. तेव्हाचे प्राचार्य वर येऊन म्हणाले, "अहो, परवानगी?" तू म्हणालीस, "सर, भिंत पाडत नाही, खिडकीच काढतेय." ते खाली गेले.

पंप चालू झाला की शेजारच्या गणिताच्या वर्गात बाकं थरथरायची. गणिताचे सर तक्रार घेऊन आले आणि तू त्यांना आत नेऊन दाखवलंस. माणसाला आत नेऊन दाखवणं हे तुझं उत्तर असायचं. पोलादी नळी, लांबीला साधारण माणसाच्या उंचीएवढी, आडवी ठेवलेली. एका टोकाने हेलियम सोडायचा, दुसऱ्या टोकाने पंप तो ओढत राहणार. हेलियमच्या या प्रवाहात आपण धनभारित आयन सोडायचे. मधे एका कड्यातून दुसरा वायू सोडायचा, भार नसलेल्या रेणूंचा. नळीच्या शेवटी सुईच्या टोकाएवढं भोक, आणि त्यामागे आयन मोजणारं यंत्र. दुसरा वायू जसा वाढवाल तसे पोचणारे आयन कमी होत जातात. किती वायूला किती आयन कमी झाले यावरून ते एकमेकांशी किती चटकन अभिक्रिया करतात ते निघतं. वर शंभर किलोमीटरवर जे घडतं, त्याचा वेग इथे खालापूरला बसून काढायचा.

गणिताच्या सरांना तू हे पाच मिनिटांत समजावलंस. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही आलेख काढून उतार मोजता." तू म्हणालीस, "बरोब्बर. फक्त उताराला एवढा आवाज आहे." त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही.

मावशीही एकदा आल्या होत्या, तुझी आई. नळीला हात लावून बघितला. 

"आन हे कशाला म्हनं?"

"आये, वर तारा तुटतो ना, तो जळतो. त्याच्यातला धातू तिथंच वाऱ्यात राहतो. त्याचं पुढं काय व्हतं ते बघतो आमी."

"वर कोण गेलंय बघाया?"

"कोण नाय जात. म्हणून तर खाली नळी हाय."

मावशींनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुला पटतंय का गं, शमे?" मी हो म्हटलं. "मंग आसंल," म्हणाल्या आणि डबा सोडायला बसल्या.

आपला विषय तूच निवडलास. उल्केतून सुटलेल्या मॅग्नेशियमचा आयन आणि कार्बन डायऑक्साइड. वर हवा विरळ, थंडी भयंकर, तिथे हा रेणू त्या आयनाला किती लवकर चिकटतो. शाळेत जाळून दाखवतात तीच मॅग्नेशियमची फीत आपण तापवून वाफ करायचो. कोणी तरी मोजायलाच हवं होतं आणि नीट मोजलेलं फार कमी होतं. सुरुवातीला आपण एका ओळखीच्या अभिक्रियेवर नळी तपासून घेतली. तिचा आकडा जगाला माहीत आहे. ऑक्सिजनचा आयन, नायट्रिक ऑक्साइडला भेटला की आपला भार त्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. आपला आकडा जगाच्या आकड्याशी जुळला. तू त्या दिवशी सगळ्या विभागाला वडापाव दिलास.

मग तुझे वडील गेले. तू बारा-तेरा दिवस येणार नव्हतीस. हेलियमचा सिलिंडर जोडलेला होता, तो फुकट जाऊ द्यायचा नाही असं तूच म्हणालीस. "शमे, तू चालू ठेव. मोजायला थोड्या दिवसांसाठी तूच बस."

तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, फ्लास्क माझ्या हातून फुटला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी नव्हे, तर मी काय केलं ते मलाच स्पष्ट दिसावं म्हणून लिहिते. नळीत दुसरा वायू किती जातोय हे कळायला आपण तो वायू एका रिकाम्या काचेच्या फ्लास्कमध्ये सोडायचो आणि आतला दाब किती वेळात किती चढतो ते बघायचो. फ्लास्कचं आकारमान पक्कं ठाऊक असलं की वायूचा प्रवाह निघतो. तो फ्लास्क मुंबईहून उपकरणाबरोबर आला होता, कोणा कारागिराने हाताने फुंकलेला, चार लिटरच्या थोडा वर. तू तो पाण्याने भरून, वजन करून आकारमान काढलं होतंस आणि वहीच्या पहिल्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं होतंस.

मी झडप सोडवत होते, फ्लास्कची मान फिरवली आणि तो टेबलाच्या कडेला आपटला. काच गोळा केली. खाली रसायनशास्त्राच्या स्टोअरमधून तसाच दिसणारा एक फ्लास्क आणला. त्याच्या मानेवर त्यांच्या विभागाचा लाल रंगातला क्रमांक होता. जोडला. गळत नव्हता. गोल भांड्याचं असं असतं की घनफळात पाव हिस्सा फरक असला तरी बघताना तो बोटभरसुद्धा जाणवत नाही. मला जाणवला नाही. आकारमान काढायला हवं हे मात्र मला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात काढू म्हटलं. वही उघडली. फ्लास्क फुटला, बदलला, असं लिहायला पेन टेकवलं आणि लिहिलं, 'प्रवाह मोजला. ठीक.'

तू सुतकात होतीस, तुला उगाच कशाला सांगायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं असंही नाही. पण खरं कारण वेगळं होतं. पहिल्यांदाच तू माझ्या हातात मोजायचं काम दिलं होतंस आणि तिसऱ्याच दिवशी मी काच फोडली होती.

तू परत आलीस. डोळे सुजलेले, पण आल्या आल्या विचारलंस, "आलेख सरळ येतोय का?" सरळ येत होता. चुकीच्या आकारमानानेही आलेख सरळच येतो, उतार तेवढा चुकतो. त्या वर्षी आपण सगळी मापं घेतली. मीही हळूहळू विसरले. खरंच विसरले, कुंदा. लेख छापून आला तेव्हा मला काहीही आठवलं नाही. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. अब्बांनी दुकानातल्या काचेखाली त्याचं पहिलं पान ठेवलं, गिऱ्हाइकाला त्यातलं एक अक्षर कळत नसलं तरी.

दीड वर्षाने परदेशातल्या एका गटाची मेल आली. सभ्य शब्दांत लिहिलं होतं. त्यांनी तीच अभिक्रिया मोजली होती आणि आपला आकडा त्यांच्या सव्वापट येत होता. काही कारण सुचतं का, अशी विचारणा होती.

तू ती मेल तीनदा वाचलीस. मला वाटलं चिडशील. तू म्हणालीस, "बरं झालं. कोणीतरी वाचलं तर."

पुढचे चार महिने तू शोधत राहिलीस. आधी पाण्यावर संशय घेतलास. आपल्याकडची हवा दमट, हेलियमच्या वाटेत कुठून तरी बाष्प शिरत असेल तर आयन त्यालाच चिकटतील. सगळे सांधे उघडून पुन्हा बसवलेस. मग दाबमापकं तपासायला पाठवलीस, ती नीट निघाली. मग तापमान. हेलियम संपला होता, नवा सिलिंडर यायला दोन महिने लागले. तोवर तू दररोज कागदावर गणित करत बसायचीस, गाडी चालवतानासुद्धा.

ही गाडी मला विसरता येत नाही. कर्जत-चौक रस्त्याने आपण रोज जायचो-यायचो, तू चालवायचीस, मी शेजारी. पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना. मेल आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी तू म्हणालीस, "शमे, बाबा गेले तेव्हा मी नव्हते, त्या दिवसांत काही वेगळं केलं होतंस का गं?" तू सहज विचारलंस. आणि त्या क्षणी मला सगळं आठवलं. टेबलाची कडा, काच, लाल क्रमांक, सगळं.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

त्यानंतर रोज दीड तास मी तुझ्या शेजारी बसत होते. हिशोब केला तर सांगायला किती वेळ होता ते निघेल, पण तो हिशोब मी करत नाही. एकदा चौकच्या आधी तू रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काकड्या घेतल्यास. एक मला दिलीस. मी तोंड उघडलं. तू म्हणालीस, "मीठ लावून घे, तशीच खाऊ नको." मी मीठ लावून घेतलं.

सिलिंडर आला. तू सगळ्यात आधी ती ओळखीची अभिक्रिया पुन्हा मोजलीस, जी आधी जगाच्या आकड्याशी जुळली होती. ती आता सव्वापट आली. तू वळून माझ्याकडे बघितलंस, तुझा चेहरा उजळला होता. "म्हणजे मॅग्नेशियमचा दोष नाही. दोन्हीत जे एकच आहे तिथे चूक आहे." दुसऱ्या दिवशी तू फ्लास्क सोडवून खाली आणलास, कोरडा केलास, रिकामा तोललास, पाण्याने भरून तोललास. तीनदा. मी वजनं लिहीत होते. माझ्या हाताने लिहिलेले ते तीन आकडे आजही वहीत आहेत, अक्षर कुठेही हललेलं नाही.

आकारमान वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्याच्या सव्वापट निघालं. तू स्टुलावर बसलीस. मानेवरचा लाल क्रमांक अंगठ्याने पुसून बघितलास. भांबावलीस की तू घरच्या बोलीत बोलायचीस.

"शमे, ह्यो आपला फ्लास्क नाय."

आणि मी म्हणाले, "मग कोणाचा?"

त्या खोलीच्या किल्ल्या दोघींकडेच होत्या. तू माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिलीस. रागाने बघितलं असतंस तर मी कदाचित बोलले असते. तू वाट बघत होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. मग "बघू" म्हणालीस आणि नवं आकारमान लिही म्हणून आकडा सांगितलास.

छापून आलेल्या लेखाची दुरुस्ती पाठवायची होती. एका परिच्छेदाचा मजकूर, पण त्यावरून आपण चार दिवस भांडलो. मी मसुद्यात लिहिलं होतं, 'उपकरणातील त्रुटीमुळे'. तू ते खोडलंस.

"उपकरणाला कशाला नावं ठेवायची? त्याने काय केलंय?"

"कुंदा, सगळे असंच लिहितात."

"सगळे लिहू देत. फ्लास्क बदलला आणि त्याची नोंद झाली नाही. एवढंच घडलंय, एवढंच लिही."

"कोणी बदलला असं विचारतील."

"विचारू दे. सांगावंसं वाटलं तर सांगू."

'सांगू' म्हणालीस. 'सांगेन' किंवा 'सांग' म्हणाली नाहीस. मी पेन खाली ठेवून बाहेर गेले. परत आले तेव्हा तू तुझ्या त्या गचाळ अक्षरात वाक्य लिहून ठेवलं होतंस: वायूचा प्रवाह मोजण्याचा फ्लास्क मोजमापांदरम्यान बदलला गेला व त्याची नोंद ठेवली गेली नाही. दुरुस्ती तशीच छापली गेली. खाली आधी तुझं नाव, मग माझं.

आपली दुसरी भांडणं मला अशी वाकडी वाटत नाहीत. थंड नळीवरून आपण किती वर्षं वाद घातला! तुझं म्हणणं, खालापूरच्या बत्तीस अंशात मोजलेला वेग वरच्या उणे शंभरात लागू होईलच असं नाही, नळीला बाहेरून थंड आवरण घालायलाच हवं. मी म्हणायचे, आधी बत्तीस अंशांचं तरी पक्कं होऊ दे. तू म्हणायचीस, "तुझं पक्कं होईपर्यंत मी म्हातारी होईन." मी म्हणायचे, "झालीच आहेस." त्या वादात तुझंच बरोबर होतं, हे आता सांगायला हरकत नाही. थंडीत त्या अभिक्रियेचा वेग वाढतो, आणि किती वाढतो ते कळल्याशिवाय वरच्या हवेसाठी आपला आकडा अर्धवटच आहे.

दुरुस्तीनंतर वर्षभराने तू थंड नळीसाठी प्रस्ताव पाठवलास. चाळीस पानं, सगळी मी टंकलेली, सगळी तुझी. तो नामंजूर झाला. परीक्षकाने लिहिलं होतं की प्रमुख संशोधिकेच्या आधीच्या कामात मूलभूत मोजमापांची काळजी घेतली गेल्याचं दिसत नाही. मोजमापांची काळजी. तुझ्याबद्दल! विसांऐवजी शंभर आंदोलनं मोजणाऱ्या मुलीबद्दल. तू ते वाचून कागद माझ्याकडे दिलास. तुला वाटलं असेल, आता तरी.

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू."

"हं," म्हणालीस. आणि तासाला गेलीस.

पुन्हा पाठवला नाहीस. नळी चालू राहिली, विद्यार्थी तिच्यावर शिकत राहिले, तू त्यांना त्याच उत्साहाने आत नेऊन दाखवत राहिलीस. माझ्याशी तू कधी वेगळं वागली नाहीस. माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात तीन दिवस आमच्या घरी राबलीस. मला मोतीबिंदू झाला तेव्हा महिनाभर तू मला वह्या वाचून दाखवल्यास. मी याला तुझी क्षमा समजून चालले होते. आता वाटतं, मला सोयीचं होतं ते मी समजले. तू क्षमा केली होतीस की वाट बघत होतीस, की दोन्ही, ते मला ठरवता येत नाही, आणि विचारायची सोय राहिलेली नाही.

त्या मंगळवारी दुपारी तू प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होतीस. लाल पेन हातातून पडलं, उचलायला वाकलीस आणि उठलीच नाहीस. मेंदूत रक्तस्राव. पनवेलच्या हॉस्पिटलात दोन दिवस होतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी एका सिस्टरने मला पाच मिनिटं आत सोडलं. म्हणाली, बोला त्यांच्याशी, कधी कधी ऐकू जातं. मी तुझा हात धरला. सगळे तिथे काय बोलतात ते मला माहीत नाही. मी म्हणाले, "कुंदा, पंप बंद करून आले आहे, काळजी करू नको." आणि बाहेर आले.

शोकसभेनंतर, शनिवारी, मी पत्र लिहायला बसले. प्रस्ताव नाकारणाऱ्या समितीला एक, नियतकालिकाच्या संपादकांना एक, प्राचार्यांना एक. मजकूर एकच. फ्लास्क माझ्या हातून फुटला, मी बदलला, मी नोंद केली नाही, विचारलं तेव्हा नाही म्हटलं. चूक शोधून काढली ती डॉ. कुंदा यांनी, आणि ती जाहीर करण्याचा आग्रहही त्यांचाच होता. थंड नळीचा प्रस्ताव पुन्हा पाठवत आहे, कृपया त्यांच्या नावावरचा शेरा मागे घ्यावा. सहा ओळी झाल्या. इतकी वर्षं जे जमलं नाही ते सहा ओळींत मावलं, याचं मला नवल वाटलं आणि थोडी किळसही आली.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली. "मॅडम, कशाला आता? माणूस गेलं. आकडा तर तुम्ही दुरुस्त केलेला आहे. कॉलेजचं नाव उगाच..."

"सर, शेरा तिच्या नावावर आहे," मी म्हटलं. "आणि ती धन आयनांवर काम करायची."

ते गोंधळले. म्हणाले, "हो, हो, धन. माझ्याकडून चुकलं." पत्र त्यांनी ठेवून घेतलं. बाकी दोन मी स्वतः चौकच्या पोस्टात जाऊन टाकली, मेलही केली. उत्तरं अजून आलेली नाहीत.

काल दहिवलीला गेले. मावशी ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचे डोळे आता अधू आहेत, बोटांनीच खडे शोधतात. मी शेजारी बसले, मूठभर तांदूळ माझ्यापुढे ओढले. तू गेल्यावर मी तिथे रोजच जात होते, पण काल सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं. फ्लास्क म्हणजे काय, तो कशाला लागतो, माझ्या हातून कसा फुटला, तू विचारलंस तेव्हा मी काय म्हटलं. तुझा प्रस्ताव कशामुळे गेला. मावशींची बोटं चालूच होती.

माझं संपलं. त्या म्हणाल्या, "काच फुटली तर बोलाचं ना गं. तिनं काय खाल्लं असतं तुला?"

"नाही."

"मंग?"

मी विचारलं, "मावशी, ती कधी काही बोलली होती का तुमच्याकडे? या फ्लास्कबद्दल?"

"नाय." त्यांनी सूप हलवलं. "तुज्याबद्दल वाईट कदी बोलली नाय ती. येवढं ठाव हाय."

मी रडले असं म्हणत नाही. डोळ्यांत पाणी आलं. माफ करा मला, असं काही तरी म्हणाले असेन. मावशींनी तांदळाचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं, आता त्या म्हणतील की जाऊ दे. तेवढं ऐकायलाच मी गेले होते बहुधा.

"मला काय सांगतेस, पोरी," त्या म्हणाल्या. "मी ती नाय."

"ती आता कुठे आहे, मावशी?"

"नसंल. तरी तिलाच सांग. तुमी लिवता ना काय काय? मंग लिव. आन पयल्यापासून लिव. मधलं काय गाळू नको."